जंजिऱ्याचा कोरा रोल

मुरुडला जायचे ठरले की आमच्या घरात कपड्यांच्या आधी कॅमेरा शोधला जातो. गेल्या डिसेंबरातही तसेच झाले. कपाटाच्या वरच्या फळीवर, अम्मीच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला तो सापडला. पेंटॅक्स के-१०००.

मामू कुवेतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तो अब्बांसाठी आणला होता. साल १९८८. त्याआधी आमच्याकडे प्लास्टिकचा एक हलका कॅमेरा होता. तो ईदला बाहेर निघे आणि दर फोटोत कुणाचे तरी डोके कापलेले असे. हा नवा कॅमेरा हातात घेताच वजन जाणवले. त्यात आपोआप होणारे काहीच नव्हते. काच फिरवून चेहरा स्पष्ट करायचा, उजेड पाहून वेग आणि भोक ठरवायचे, आणि आत दिसणारी बारीक सुई मधोमध आली की खटका दाबायचा. बॅटरी फक्त त्या सुईसाठी. ती संपली तरी कॅमेरा चालतोच. तो बंद करायला बटणही नाही. काचेवर टोपण लावायचे विसरलात की बॅटरी हळूहळू संपते, त्यामुळे "टोपण लावले का?" हा प्रश्न आमच्या घरात गॅसच्या बरोबरीने विचारला जाई.

पहिला मोठा प्रवास नानीच्या मुरुडचा. नानीचा जन्म जंजिरा संस्थानातला. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, आणि पुढे काही वर्षांत लग्न होऊन ती मुंबईला आली. माहेरचे कुणी उरले नाही तसे जाणेही सुटले. अब्बांच्या मनात एकच गोष्ट होती : जंजिऱ्याच्या दरवाज्यात नानीचा फोटो काढायचा. नानीचा तोवरचा एकमेव फोटो हजच्या पासपोर्टवरचा, आणि तोही तिला आवडत नसे.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एस.टी.ने अलिबाग आणि पुढे मुरुड. (आता धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट बोट जाते, २०२० पासून. नानीला ते खरे वाटले नसते.) दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीला गेलो. शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे जाताना नुसती भिंत दिसते, दरवाजा कुठेच नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांमधून तो एकदम समोर येतो. नानी आम्हा तिघा भावंडांना आधीच सांगत होती, "आता बघा, आता बघा." वाघाने पंजात हत्ती धरलेले ते शिल्प तिनेच आम्हांला दाखवले. कलाल बांगडी तोफेवर हात ठेवून पाहिला, तर उन्हाने ती तापलेली. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत मात्र गोड्या पाण्याचे तलाव. नानी एका तलावाच्या काठी बराच वेळ बसली. लहानपणी वडिलांबरोबर आल्यावर इथलेच पाणी प्यायलो होतो, असे ती म्हणाली.

अब्बा फोटो काढत होते. दरवाज्यात नानी, तलावाकाठी नानी, बुरुजावर वाऱ्याने उडणारा पदर सावरणारी नानी. "फोटो कशाला? मी काय नवरी आहे?" म्हणत का होईना, ती उभी राहिली.

परतीच्या होडीत अब्बांनी आकडा पाहिला. चाळीस. रोल छत्तीसचा. एखाददुसरा फोटो जास्त निघतो, चार नाही. त्यांनी डावीकडची गुंडाळायची चावी हलक्या हाताने फिरवून पाहिली. ती सैल, गरगर फिरली. मग ते काही बोलले नाहीत.

रात्री लॉजवर दिवा घालवून, रजईत हात घालून त्यांनी कॅमेरा उघडला. फिल्मचे टोक पलीकडच्या चाकात अडकलेच नव्हते. दिवसभर खटका वाजत होता आणि फिल्म जागची हललीही नव्हती. जाणकार लोक दर फोटोनंतर डावी चावी फिरते का ते पाहतात. आम्हांला ते तेव्हा कळले. अम्मी म्हणाली, "उद्या परत जाऊ." पण नानीचे गुडघे सुजले होते. होडीतून पायरीवर पाय टाकताना तिला किती त्रास झाला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिले होते.

रोल मात्र कोराच होता, म्हणजे वाया गेला नव्हता. सकाळी नानी स्वतःच म्हणाली, "किल्ला राहू दे. मला खोकरीला न्या."

खोकरीला सिद्दींच्या तीन कबरी आहेत. दगडी घुमट, कोरीव जाळ्या. सर्वांत मोठी सिद्दी सुरूलखानाची. त्याने ती हयातीतच बांधून घेतली, असे सांगतात. जंजिरा पाहणाऱ्या दहांतले नऊ जण इथे येत नाहीत, आणि आमच्या मते ते मोठी चूक करतात. नानीने फातेहा पढली आणि कमानीत येऊन बसली. अब्बांनी या वेळी चावी दोनदा तपासली, सुई मधोमध आणली आणि खटका दाबला.

मुंबईत फोटो धुऊन आले. नानीच्या मागे उघडे आभाळ होते. सुईने आभाळाचा उजेड मोजला, त्यामुळे कमान उठून आली आणि नानीचा चेहरा काळोखात गेला. डोक्यावरचा पदर, किंचित वाकलेली मान, गुडघ्यावरचा हात, एवढेच दिसते. अब्बा फार खट्टू झाले. नानीने मात्र फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, "हा चांगला आहे. हा ठेवा."

१९९१ च्या पावसाळ्यात नानी गेली. किल्ल्यावर ती परत कधी गेली नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे, आमची मुले आणि तो कॅमेरा असे पुन्हा खोकरीला गेलो. मधल्या भावाची मुलगी त्याच कमानीत बसली. सुई मधोमध आली तसे आम्ही भोक दोन घरे आणखी उघडले, म्हणजे चेहरा उजळेल. तिने लगेच विचारले, "दाखवा ना, कसा आला?" मागे पडदा नाही हे तिला पटवायला वेळ लागला. रोल आता महाग झाला आहे, धुऊन देणारेही थोडेच उरले आहेत, आणि त्यात अजून अकरा फोटो बाकी आहेत. त्यामुळे तो अजून कॅमेऱ्यातच आहे. टोपण लावलेले आहे.