इंजिनाचा कारभारी

या सर्किट बोर्डाचं रूप म्हणाल तर तळहाताएवढं. जाडी 1.6 मिलिमीटर, अंगावर हिरवा रंग, दोन्ही बाजूंना 35 मायक्रॉन तांबं. अमरावतीत एका गॅरेजमागच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर मारुती 800 चं जुनं इंजिन बसवलं आहे, तीन सिलिंडरचं, 796 सीसी. त्याचा कार्बोरेटर काढून इंजेक्टर लावले आणि पेट्रोल केव्हा, किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं या बोर्डाच्या हाती दिलं. गॅरेजच्या मिस्त्रींनी तो पहिल्यांदा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "काऊन भाऊ, एवढुश्या पाटीच्या भरोशावर इंजिन चालवता? अन् हे तापलं त मंग?"

प्रश्न वऱ्हाडचा होता आणि बरोबर होता. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. बॉनेटखाली तर विचारायलाच नको. कपॅसिटरच्या पोटातलं द्रव उष्णतेनं सुकत जातं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून या बोर्डावर 85 अंशांचे स्वस्त कपॅसिटर घेतले नाहीत, सगळे 105 अंशांचे आहेत. शिवाय बोर्डाची जागा इंजिनापासून लांब ठेवली. तापटांच्या शेजारी त्याला राहू द्यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

त्याचं घराणं सांगायला हवं. 2001 च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा, घरी बसून जोडता येईल असा कंट्रोलर आणला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्टुअर्ट यांनी 'स्पीडुइनो' काढला. अर्डुइनो मेगाच्या पायावर उभा, आराखड्यासकट सर्वांना खुला. आमचा बोर्ड त्याच घरचा. रेखाटला कीकॅडमध्ये, ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शारास यांनी 1992 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईचं ईसिम त्याच्याच आधारानं चालतं. आता अशा बोर्डाची गरज का? 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 प्रदूषण मानक लागू झालं आणि नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना इंजेक्शनची यंत्रणा आतून कळायला हवी. कंपनीचा सीलबंद डबा ते शिकवत नाही. हा बोर्ड शिकवतो, कारण त्यानं काहीही झाकून ठेवलेलं नाही.

त्याची मांडणी जुन्या वाड्यासारखी आहे. दांडगट पाहुण्यांची बैठक ओसरीवर: बॅटरी, इंजेक्टर, पंपाचा रिले, सगळे एका कडेच्या कनेक्टरवर. माजघरात चिप, तिला फक्त 5 व्होल्ट सोसतात. इग्निशन कॉइलला तर त्यानं उंबऱ्याच्या आतच घेतलेलं नाही. कॉइल तुटक करंटची; प्रवाह तोडला की तिच्या प्रायमरीवरच तीन-चारशे व्होल्टचा झटका उसळतो. तिच्याशी बोलणी बाहेरच्या इग्नायटरमार्फत, एका बारीक तारेवरून.

बॅटरीवरही त्याचा आंधळा विश्वास नाही. नावाला 12 व्होल्ट; इंजिन चालू असताना 14, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीची तार सुटली तर क्षणभर कितीतरी पट. उलट स्टार्टर मारताना थकलेली बॅटरी 7 व्होल्टच्याही खाली बसते. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा 7805 रेग्युलेटर तिथे माघार घेतो, त्याला वर दोन व्होल्ट शिल्लक लागतात. म्हणून इथे एलएम2940 बसवला. तो अर्ध्या व्होल्टच्या फरकावर 5 व्होल्ट टिकवतो आणि कोणी बॅटरी उलटी जोडली तरी जळत नाही. किंमत थोडी जास्त पडते. पण गाडी नेमकी सुरू होत असताना ज्याचं डोकं फिरतं, तो कारभारी काय कामाचा?

त्याचा खरा स्वभाव मात्र दिसतो तो ग्राउंडमध्ये. बोर्ड रेखाटायला बसणारा नवा माणूस सगळं लक्ष जाणाऱ्या करंटकडे देतो. परतणाऱ्या करंटची वाट कोणी विचारत नाही. 0.3 मिलिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर लांब तांब्याच्या रेघेचा रोध येतो सुमारे 0.16 ओहम. एका इंजेक्टरचा साधारण एक अँपिअर तिच्यावरून परतला की तिच्या दोन टोकांत 160 मिलिव्होल्टचा फरक पडतो. चिप सेन्सरचं वाचन करते ते 5 मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. म्हणजे पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर त्याच रेघेवर ग्राउंड केला असेल, तर इंजेक्टर उघडला की आकडा तीस-बत्तीस पायऱ्या सरकतो आणि इंजेक्टर मिटला की परत येतो. इंजिन गचके देतं, आणि आपण सेन्सर बदलत बसतो! या बोर्डावर सेन्सरचं ग्राउंड वेगळ्या वाटेनं येतं, इंजेक्टरचं रुंद तांब्यावरून थेट इंजिनाच्या ब्लॉककडे जातं, आणि दोघांची भेट एकाच ठिकाणी होते. मला त्याच्यात सर्वांत जास्त काही आवडत असेल तर ती ही शिस्त. किती पेट्रोल सोडायचं ते सांगणाऱ्या ट्यूनिंगच्या तक्त्याचं सगळे कौतुक करतात, करावं; पण आत येणारे आकडेच खोटे असतील तर तक्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

क्रँकच्या पुलीवर 36 दात्यांचं चक्र आहे, त्यातला एक दाता मुद्दाम नाही. ती फट दिसली की बोर्डाला क्रँकची जागा कळते. 6000 आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला 28 मायक्रोसेकंद लागतात; 16 मेगाहर्ट्झच्या चिपला तेवढ्यात साडेचारशेहून कमी ठोके मिळतात. सेन्सरच्या तारेत कॉइलचा कचरा शिरला तर नसलेला दाता मोजला जातो आणि हिशोब चुकतो. अशा वेळी बोर्ड अंदाजानं ठिणगी पाडत नाही. पेट्रोल थांबवतो, ठिणगी थांबवतो आणि फट पुन्हा सापडेपर्यंत गप्प राहतो. "बंद पडलं," असं मिस्त्री म्हणतात. भलत्या वेळी पडलेली ठिणगी पिस्टन फोडू शकते, त्यामुळे मी त्याला प्रामाणिकपणा म्हणतो.

किल्ली फिरवली की इंजिन हलण्याआधी तो हवेचा दाब वाचून घेतो. अमरावतीत 97 किलोपास्कलच्या आसपास. तोच परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला नेला तर 89 च्या. हवा विरळ झाली की पेट्रोलही त्या मानानं कमी. कार्बोरेटरला हे कळायचं नाही, मिश्रण घट्ट व्हायचं आणि वर पोचल्यावर मिस्त्री शोधावा लागायचा.

आमच्या मिस्त्रींना आता उष्णतेची काळजी राहिलेली नाही. त्यांची तक्रार वेगळी आहे. "बाकी समदं ठीक हाये भाऊ, पण हे दोन कनेक्टर एकसारखेच हायेत. अंधारात, तेलकट हातानं अदलाबदल झाली त?" पुढच्या बोर्डासाठी कीकॅडमध्ये बदल केला आहे तो एवढाच: इंजेक्टरचा कनेक्टर 12 पिनांचा, सेन्सरचा 8 पिनांचा, आणि एकाची जोड दुसऱ्यात बसणारच नाही अशा खाचा.