आधी पिशवी उलटी करा

सिंधुदुर्गातल्या तोंडवलीत एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या माडांच्या पट्टीत आमचे घर. मी पुण्यात फार्म.डी.च्या, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसीच्या, मुलांना हृदयरोगाच्या वॉर्डात शिकवतो. श्रावणात गावी गेलो की शेजारच्या काकी औषधांची पिशवी घेऊन पडवीत येऊन बसतात. त्यांचे हृदय अशक्त झाले आहे. वर्षभरात तीनदा पाय सुजले, धाप लागली, तीनदा दाखल व्हावे लागले. गोळ्या मात्र मोजून पाहिल्या तर एकही चुकलेली नव्हती.

"काकी, मीठ?"

"मीठ मी कदीच सोडलंय, झिला."

मग मी प्रश्न बदलला. काल रात्री काय जेवलात? पेज, आणि चुलीत भाजलेला खारा बांगडा. परवा? तेच. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा घराघरांत खारवलेल्या सुक्या मासळीवरच दिवस निघतात. मी बांगड्यातल्या मिठाबद्दल बोललो तेव्हा त्या चकित झाल्या. "मीठ ता मीठ, नि बांगडो तो बांगडो." त्या खोटे बोलत नव्हत्या. रुग्णालयाच्या कागदावर 'मीठ कमी' एवढेच लिहिले होते आणि त्यांनी बरणीतले मीठ इमानाने कमी केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे. खाऱ्या मासळीच्या एका जेवणातच त्यातला मोठा वाटा संपतो. हे मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि अशक्त हृदयाला ते पाणी पेलत नाही.

औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला हृदयरोगाच्या वॉर्डात कशासाठी उभे करायचे, असे मला कोणी विचारले की मी काकींचा बांगडा सांगतो.

औषध बनवायला आपण फार आधी शिकलो. आमच्याकडचे गंभीर रुग्ण आजही गोव्याला बांबोळीला नेतात. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ 1842 साली पणजीत निघालेल्या शाळेत आहे आणि औषधनिर्मितीचे शिक्षणही तिच्यासोबतच सुरू झाले. पण औषध घेणाऱ्या माणसाकडे बघायचे शिक्षण फार उशिरा आले. 1990च्या दशकात म्हैसूर आणि उटी इथे त्याचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला आणि 2008 मध्ये फार्मसी कौन्सिलने फार्म.डी.चे नियम काढले. एकूण सहा वर्षे, त्यातले शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयात. त्या वर्षात सहा महिने सर्वसाधारण मेडिसिनचे आणि दोन-दोन महिने तीन वेगवेगळ्या विभागांचे. त्या तिनांत हृदयरोग असला तर असला. दोन महिने मला अपुरे वाटतात, पण आहेत तेवढे वाया जाऊ द्यायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी मुलांना रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगतो. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्याच्या नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये त्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. आपल्या रानातले मूळ त्यामुळे जगभर पोचले. त्याच मुळातल्या रेसरपिनने काही रुग्ण खिन्न होतात हे पुढे लक्षात आले, तेही रुग्णांकडे बघूनच.

मग खाटेपाशी जायचे. पहिले काम एकच, पिशवी उलटी करायची. सगळ्या पट्ट्या चादरीवर मांडायच्या आणि ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचायची. मी स्वतः विद्यार्थी असताना हे केले नाही. एका आजोबांना मुंबईच्या डॉक्टरांनी नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल दिले होते आणि गावच्या डॉक्टरांनीही तेच, दुसऱ्या कंपनीचे. त्यांनी सांगितलेली नावे मी यादीत एकाखाली एक उतरवली आणि पुढच्या खाटेकडे गेलो. दुसऱ्या दिवशी नाडी 44 वर आली, त्यांना चक्कर आली, तेव्हा माझ्या सरांनी पिशवी मागवली. आजोबा वाचले. ती यादी मात्र मी विसरलेलो नाही. आमच्या भागात निम्मे घर मुंबईला असते आणि औषधेही दोन गावांतून येतात, त्यामुळे हा घोटाळा इथे सहज होतो.

दुसरे काम, प्रश्न विचारायचा तो त्यांच्या दिवसातला. 'धाप लागते का?' यापेक्षा 'रात्री उशाला किती उशा लागतात?' लघवीची गोळी रोज घेता का, असे विचारले की सगळे हो म्हणतात. पण सकाळच्या एसटीने मासे घेऊन मालवणच्या बाजारात बसणारी बाई ती गोळी कशी घेणार? तिथे दिवसभर आडोसा मिळत नाही. ती गोळी टाळते आणि सांगायला लाजते. विद्यार्थिनीने ते हळूच काढून घेतले, डॉक्टरांशी बोलून वेळ दुपारनंतरची करून घेतली, की तिथे खरी फार्मसी झाली. घरात काटा असेल तर रोज सकाळी वजन करायला सांगायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवायचे. काटा नसेल तर बांगड्या, पैंजण, चपलेचा पट्टा घट्ट झाला का ते बघायचे.

वॉरफरीन घेणाऱ्यांचे प्रकरण आणखी नाजूक. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाचे रक्त ठरावीक मर्यादेतच पातळ ठेवावे लागते. रक्त गोठण्याचे माप, म्हणजे आयएनआर, साधारण दोन ते तीन, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर त्याहून थोडा वर. खाली आला तर झडपेवर गाठ धरते, फार वर गेला तर रक्तस्राव. आणि हिरव्या पाल्यातले जीवनसत्त्व के या औषधाच्या उलट काम करते. पावसात टाकळा, शेवग्याचा पाला रोज पानात आला की आयएनआर घसरू शकतो. म्हणून भाजी तोडायची नाही, तर खाण्याचे प्रमाण बारा महिने सारखे राखायचे. पण टाकळा म्हणजे काय हे माहीत नसलेला विद्यार्थी हा प्रश्न विचारणार कसा? म्हणून त्याला वॉर्डाबरोबर आमच्यासारख्या गावांतही आणले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात ओरोसला 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात फार्मसीची महाविद्यालये आहेत. त्यांची मुले तिथल्या वॉर्डांत नेमाने फिरावीत, सुट्टी मिळालेल्या हृदयरुग्णाच्या घरी महिन्याभरात एकदा जावीत, आणि रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्टचे एक पगारी पद असावे, एवढी माझी मागणी आहे. एका पदाचा खर्च काकींसारख्या रुग्णांच्या पुन्हा पुन्हा दाखल होण्यापुढे जास्त नाही, असे मला वाटते.

या दिवाळीत घरात हृदयाच्या गोळ्या घेणारे कोणी असेल, तर मुंबईच्या, गावच्या, दुखण्याच्या सगळ्या गोळ्या आणि काढेही एकाच पिशवीत भरा. मनाने एकही बंद करू नका. ती पिशवी घेऊन डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे जा, आणि ताटात काय असते तेही सांगा.