पाणी आहे तोवर

आमच्या भागात पौष महिना लागला की पालीच्या खंडोबाची जत्रा. तारळी नदीच्या काठानं पालं पडायची, भंडाऱ्यानं माणसं पिवळी व्हायची. देवाचं लगीन लागलं की आम्ही पोरं खेळण्यांच्या दुकानांकडं पळायचो. पिपाण्या, भिरभिरी, फुगे सगळं असायचं. पण माझा जीव पत्र्याच्या आगबोटीत अडकलेला. दुकानदार परातीत पाणी घेऊन एक बोट सोडून द्यायचा. ना चावी, ना दोरी. पोटात इवलासा दिवा जळायचा आणि बोट फट् फट् फट् करत परातीच्या कडेकडेनं फिरायची.

1965 सालच्या जत्रेला मी सहावीत होतो. त्या साली आबा माझ्याबरोबर आले होते, आणि नेमकं तेच मला खुपत होतं. आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. एकदा गळीत सुरू झालं की उन्हाळा लागेपर्यंत त्यांच्या पाळ्या चुकायच्या नाहीत. जत्रा त्यांना ठाऊकच नव्हती. त्या साली मात्र महिनाभर आधी कारखान्यानं त्यांना घरी बसवलं होतं. त्यांच्यामुळं गळीत थांबलं, एवढंच गावात बोललं जायचं. शाळेत पोरं म्हणायची, "ह्याच्या बापानं कारखाना बंद पाडला." मी खाली मान घालून बसायचो. गुरुजींनी विचारलं, तेव्हा आबा आजारी आहेत म्हणून खोटं सांगितलं.

दुकानासमोर मी घुटमळलो. घरात पैशाची ओढ होती, म्हणून मागायची हिंमत नव्हती. आबांनी ओळखलं. म्हणाले, "कुठली पायजे?"

मी लाल-हिरवी, वर निशाण रंगवलेली बोट दाखवली. आबांनी ती उलटी केली. खाली मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या होत्या. एक नळी बोटानं बंद करून दुसरीला तोंड लावून फुंकलं आणि नळ्या तशाच परातीतल्या पाण्यात धरून पाहिलं. आतल्या चपट्या डबीच्या कडेनं बुडबुडे आले. "हिचा डाक कच्चा हाय." दुसरी तशीच, तिसरीही. चौथी बोट रंग उडालेली, निळसर. तिच्यात फुंकल्यावर डबीवरचा पातळ पत्रा टक् करून वर उचलला आणि सोडल्यावर टक् करून खाली बसला. बुडबुडा एकही नाही. "ही घे. रंग बगून इंजन घ्यायचं नसतं."

बारा आणे गेले. मला ती लाल-हिरवीच हवी होती.

घरी आईनं घंगाळ भरून दिलं. आबांनी एका नळीतून हळूहळू पाणी सोडलं. दुसरीतून ते बाहेर आल्यावर डबी भरली असं समजायचं. मग दोन्ही नळ्यांवर बोटं दाबून बोट पाण्यात ठेवली आणि बोटं पाण्याखालीच काढली. पत्र्याच्या पळीत कापसाची वात, वर थोडं गोडेतेल. पळी डबीखाली सरकवली. अर्धा-एक मिनिट काहीच झालं नाही. मग बोट थरथरली, एकदा फट् झालं, आणि निघालीच.

"हिला पंखा न्हाई, चाक न्हाई, मग चालती कशी?" मी विचारलं.

आबा म्हणाले, "डबीतलं पानी उकळतं, वाफ नळीतलं पानी मागं ढकलती. पुढं जाऊन वाफ गार पडती, तिचं परत पानी हुतं, आत पोकळी हुती. ती बाहेरचं पानी ओढून घेती. पुन्ना वाफ."

"पानी ओढताना बोट मागं का येत न्हाई?"

आबांनी कोनाड्यातली चिमणी उचलून काच काढली. "हातभर लांबनं फुंक." मी फुंकलं, विझली. त्यांनी ती पुन्हा पेटवली. "आता तितक्याच लांबनं श्वास आत ओढून इझव." विझेना. ज्योत हललीसुद्धा नाही. "फुंकलेला वारा सरळ एका धारंनं जातो. ओढलेला चारी बाजूंनी येतो. पाण्याचंबी तसंच."

आबा माझ्याशी एवढं बोललेले मला आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शेतात गेल्यावर मी गल्लीतली पोरं जमवली. बोट फिरवून दाखवली. मग सगळ्यांना नीट दिसावी म्हणून दिवा जळत असतानाच ती पाण्यातून वर उचलली. नळ्यांतून गरम पाण्याची चिळकांडी उडाली, आवाज थांबला. पोरं म्हणाली, "बंद पडली." मी दिवा तसाच ठेवून नळीत फुंकर मारत बसलो. बघता बघता डबीची कड उकलली आणि चांदीसारखा एक थेंब घरंगळून खाली पडला.

एवढ्यात आबा आले. मी घाबरून तांब्यातलं पाणी त्या डबीवर ओतायला गेलो. आबांनी माझं मनगट असं धरलं की तांब्या खाली पडला.

"तापल्या कोरड्या पत्र्यावर पानी वतू नगो!"

पोरं पळाली. आबा माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांचा आवाज उतरला. "आत पानी असलं तर पत्रा पाण्यापेक्षा लई तापत न्हाई. म्हणून खाली जाळ असून डाक टिकतो. पानी संपलं की तोच जाळ डाक इतळवतो. ही खेळण्यातली डबी हाय, एक थेंब गळला. तिकडं चार मानसं हुती."

मग त्यांनी सांगितलं. रातपाळी होती. पाणी चढवणारा पंप बंद पडला आणि बॉयलरच्या काचेच्या नळीत पाणी दिसेना. किती खाली गेलंय, कळायला मार्ग नाही. वरच्या साहेबांनी दुसरा पंप जोडून लगेच पाणी सोडायला सांगितलं. गळीत थांबवायचं नव्हतं. आबा म्हणाले, सोडणार नाही. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं तर ती जागा तिनं बॉयलर फोडून घेतली असती. आबांनी चिपाड टाकणं थांबवलं, भट्टीतली आग ओढून बाहेर काढली आणि माणसं लांब केली. बॉयलर गार व्हायला, तपासायला दिवस गेला. उसाच्या गाड्या फाटकावर खोळंबल्या. दोष कुणाच्या तरी नावावर लिहायचा होता, तो आबांच्या नावावर लिहिला.

"तुमी गावात का सांगितलं न्हाई?"

"फुटला असता तर सांगाया लागलं असतं. न फुटलेल्याचं काय सांगायचं?"

मी गुरुजींना काय सांगितलं होतं, ते मी त्यांना बोललो नाही.

त्या संध्याकाळी आबांनी चुलीत तांब्याचा ठोकळा तापवला, नवसागरावर घासला, आणि शिसं-कथलाचा नवा डाक भरला. मी बोट धरून बसलो होतो. फुंकून पाहिलं, बुडबुडा आला नाही. सोमवारी शाळेत गेल्यावर गुरुजींच्या टेबलाजवळ जाऊन मी म्हणालो, "आबा आजारी न्हाईत. त्यांनी आग ओढली म्हणून त्यांना बसवलंय." गुरुजींनी बाजूला घेऊन सगळं विचारलं. मला सांगता येईल तेवढं सांगितलं. चिमणी फुंकायचंही सांगितलं.

पुढच्या दिवाळीच्या आधी कारखान्याची चिठ्ठी आली. झाल्या गोष्टीबद्दल तीत एक शब्दही नव्हता. आबांनी ती वाचली, खिशात घातली आणि सायकलीत हवा भरायला लागले.

पुढं मी मास्तर झालो. या बोटीची गोष्ट वाचनात आली. इंग्लंडमध्ये थॉमस पिओट नावाच्या माणसानं 1891 साली असल्या बोटीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. टक् टक् वाजणारा पातळ पत्रा पुढं अमेरिकेतल्या चार्ल्स मॅकह्यू यांच्या बोटीत आला. माझ्या वर्गात दरवर्षी एक दिवस घंगाळ यायचं.

आता नातवंडं पुण्याहून येतात तेव्हा मी ती निळी बोट काढतो. रंग पार गेलाय, डबीच्या कडेला आबांच्या हातचा जाड डाक तेवढा दिसतो. पाणी भरायला पोरांना देतो. दिवा मात्र मी स्वतः लावतो, आणि बोट उचलण्याआधी दिवा काढायचा, हे प्रत्येकाकडून म्हणवून घेतो.