फ्लॉरेन्स ते रोम, स्लो ट्रेनने

हायस्पीड ट्रेन दीड तासात रोमला पोचवते. आम्ही पकडली रीजनल, साडेतीन-चार तासांची! तिचं भाडं आयत्या वेळीही वाढत नाही. फक्त कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये पंच करायचं, नाहीतर दंड. ब्रेड, पेकोरिनो चीज आणि सासूबाईंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी... झालं लंच!

डावीकडे त्रासिमेनो तळं दिसायला लागलं आणि नवरा म्हणाला, ‘‘बंगलोरची ऑफर घेऊ का गं?’’ पुण्यात आमच्या शिफ्ट्सच्या गोंधळात हा विषय तीन आठवडे लटकला होता. ओर्विएतोचा कडा मागे पडला तरी आम्ही भांडतच होतो, हळू आवाजात. समोरच्या आजी गालात हसत होत्या. तेर्मिनी स्टेशन आलं तेव्हा एवढंच ठरलं होतं, की पहिले सहा महिने तो एकटा जाईल.