शिअर वॉलबाई

उंच इमारतीत लिफ्टभोवती, जिन्याच्या कडेला पायापासून गच्चीपर्यंत सलग उभ्या असतात, त्या या शिअर वॉलबाई. काँक्रीटच्या, रुंद आणि अबोल. खिडकी मागितली की कपाळाला आठ्या. दार मागितलं की म्हणणार, आधी इंजिनिअरची सही आणा. मुंबईत साच्यांत काँक्रीट ओतून भिंती उभारणाऱ्या ‘मायवान’ पद्धतीच्या टॉवरांत तर घरातली जवळपास प्रत्येक भिंत बाईंचीच. तिथे ‘हॉल जरा वाढवू’ म्हणणाऱ्या इंटिरिअरवाल्याची डाळ शिजत नाही.

स्वभाव ताठ. भूकंपात खांब-तुळया डोलू लागतात. बाई आडवा धक्का स्वतःच्या अंगावर घेतात आणि जागच्या फारशा हलत नाहीत. त्यामुळे घरातल्या विटांच्या भिंती आणि काचाही बऱ्यापैकी वाचतात.

मानपान मात्र सांभाळावा लागतो. मधोमध किंवा दोन्ही अंगांना सारखं बसवा. एकाच कोपऱ्यात ढकललंत तर एकीकडेच भरलेल्या कावडीसारखा तोल जातो आणि अख्खी इमारत पीळ खाते.

बाईंचा खरा थाट चिलीत. 1985च्या मोठ्या भूकंपात विन्या देल मार शहरातल्या त्यांच्या इमारती अशा तरल्या की जगभरचे इंजिनिअर कौतुकानं बघायला गेले. त्याच कौतुकानं घात केला. 1996च्या नियमांत भिंतीच्या टोकांना उभ्या सळ्यांभोवती दाट रिंगा घालण्याची सक्ती ठेवलीच नाही. इमारती चढत गेल्या, बाई सडपातळ होत गेल्या; जाडी कुठे वीस सेंटिमीटर, कुठे त्याहून कमी.

27 फेब्रुवारी 2010 रोजी 8.8 तीव्रतेचा भूकंप आला. खालच्या मजल्यांवर भिंतींच्या कडांचं काँक्रीट फुटलं, काटकोनात वळवलेले सळ्यांचे हूक उघडले, उभ्या सळ्या वाकल्या. कन्सेप्सिऑनमधली ‘आल्तो रिओ’ ही पंधरा मजली, नवीकोरी इमारत आडवी झाली. आठ माणसं गेली. बाकी बहुतेक ठिकाणी बाई जखमी झाल्या, पण पडल्या नाहीत. पुढच्याच वर्षी चिलीनं नियम कडक केले.

बाईंना भेगा पडल्या म्हणून घाबरू नका. केसासारख्या बारीक आणि पुष्कळ पडल्या तर प्रकृती उत्तम. वाईट ती एकुलती एक भेग. 2011 सालच्या भूकंपात न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या ‘गॅलरी अपार्टमेंट्स’मध्ये सळ्या इतक्या कमी होत्या की सगळा ताण एकाच भेगेत साठला आणि तिथल्या सळ्या तुटल्या.

आपल्याकडे ‘आयएस 13920’ हे भारतीय मानक बाईंची जाडी 150 मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही आणि ताण जास्त असेल तिथे टोकांना दाट रिंगा मागतं. रिंगेचा हूकही 135 अंशांत आत वळलेला हवा. साइटवर कुणी बाईंच्या ताकदीचे गोडवे गाऊ लागला तर हसून मान डोलवा आणि काँक्रीट ओतायच्या आधी टोकांच्या रिंगा मोजून घ्या.