समासातील नोंद

दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सात संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. नावांची ती लांबलचक माळ सुरू झाली की बाकांवर चुळबूळ होते, हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे. मीही वर्षानुवर्षे त्या वेळी घड्याळाकडे पाहत आलो. अलीकडे मात्र ते वाचन मी कान देऊन ऐकतो. त्याला कारण झाली आमच्या आजीची एक नोंद.

आमच्या घरात कुळाचा अभिमान मोठा. आजोबा वसईचे. बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरी लागली म्हणून ते नागपुरास आले आणि इथलेच झाले. आजीही 'तिकडचीच', असे आम्हांला लहानपणापासून सांगण्यात आले होते. तिचे माहेर कोणत्या गावचे, असे विचारले की आत्या विषय बदलत असे. माझ्या एका शाळासोबत्याने त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या पणजोबांची नोंद पाहिली होती. ते सांगताना त्याचा कंठ दाटून आला. आपल्याला अशी वही कुठली, असे मी तेव्हा मनाशी म्हणालो. ती वही देवळाच्याच कपाटात होती, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात 'आपल्या घराण्याचा शोध' या विषयावर एक दिवसाचा वर्ग भरला. आम्ही वीस-बावीस जण जमलो, बहुतेक सेवानिवृत्त. शिकवायला एक वयोवृद्ध धर्मगुरू होते. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने विवाहाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरच्या माणसांची गणती अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले, हे त्यांनी सांगितले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली विशाखापट्टणमपासून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचा माग काढताना तिकडेही पाहावे लागते. वसई-गोव्याकडच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत सापडतात, इथल्या लॅटिनमध्ये. पण घाबरू नका, वीस-पंचवीस शब्द शिकलात तर पान वाचता येईल, असे म्हणून त्यांनी ते शब्द फळ्यावर लिहिले. "आणि समास विसरू नका," ते म्हणाले. "१९०८ पासून लागू झालेल्या नियमाने लग्नाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही होऊ लागली. ती बहुधा कडेच्या कोऱ्या जागेत असते. माणूस पुढे कुठे गेला, ते समास सांगतो."

आजीचे लग्न १९१४ सालचे, एवढे मला ठाऊक होते. रीतसर परवानगी घेऊन मी जुनी वही पाहिली. समासावरून बोट फिरवत गेलो आणि आजोबांचे नाव दिसले. शेजारी आजीची नोंद होती. साल १९००. वय सुमारे पाच वर्षे. आईबापांच्या जागी फळ्यावर शिकलेले दोन शब्द होते : 'पारेंतिबुस इग्नोतिस'. मातापिता अज्ञात.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला होता. गावेच्या गावे अन्नासाठी वाट फुटेल तिकडे निघाली. वाटेत एकट्या उरलेल्या कितीतरी लेकरांना मिशनच्या अनाथालयांनी उचलून घेतले. आमची आजी त्यांतली एक. त्याच पानावर आणखी सहा मुलींच्या नोंदी होत्या. सातही जणींच्या धर्ममातेच्या जागी एकाच बाईचे नाव होते. आजीला तिचेच नाव दिलेले होते.

घरी येऊन आत्याला सांगितले. नव्वदीची आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. आईनं शपथ घातली होती. लोक पोरांची लग्नं मोडतील म्हणायची. आता तू हे लिहून जगाला दाखवणार?"

मला उत्तर सुचेना. मी आत नेऊन ठेवलेले शुभवर्तमान बाहेर आणले आणि पहिलाच अध्याय तिला वाचून दाखवला. तामार, राहाब, रूथ, उरियाची पत्नी. मत्तयाला ही नावे गाळता आली असती. रूथ तर परक्या मवाबातली, दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या घरातली सून. तरी ती प्रभूच्या वंशावळीत मानाने बसली आहे. आत्याने हात पुढे केला. "वहीत त्या बाईचं नाव काय आहे, पुन्हा वाच." मी वाचले. तेच नाव माझ्या आत्याचे मधले नाव आहे, आणि माझ्या थोरल्या मुलीचेही.

त्यानंतर मी राज्य पुराभिलेख खात्याच्या मोडी लिपीच्या वर्गात नाव घातले. या खात्याचे एक कार्यालय नागपुरातही आहे. आजीचे गाव मला कधीकाळी सापडेल, अशी फारशी आशा नाही. पण शोधायचे ते शिकूनच, एवढे कळले आहे. वाचकांनाही माझे एवढेच सांगणे की, घरात कुणी ऐंशी-नव्वदीचे असेल तर आजच त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. नाव, धर्मग्राम आणि अंदाजे साल लिहून घ्या. मग धर्मगुरूंना विनंती करा. असा वर्ग कुठे भरला तर अवश्य जा. थोर पूर्वज सापडेल या आशेने मात्र जाऊ नका. जे सापडेल ते खरे म्हणून स्वीकारायची तयारी ठेवून जा.

नोव्हेंबरात आपण मृतांच्या प्रार्थनेसाठी नावांची यादी देतो. आमच्या घरची यादी आजवर आत्याच सांगत आली. यंदा तिने आजीच्या नावानंतर थांबून म्हटले, "आता त्या धर्ममातेचं घाल. आणि तिच्याखाली लिही : आजीचे आईबाप. नावं देवाला ठाऊक आहेत."