जि. चांदा

आमचे आजोबा वरोऱ्याला राहायचे आणि बाबा आरमोरीला शिक्षक. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आरमोरी तिकडे गेली. आजोबांना त्याचं काही नाही. ते तर 'चंद्रपूर'सुद्धा लिहीत नसत, पत्त्यात शेवटपर्यंत 'जि. चांदा'च! पुढे बाबांची बदली आलापल्लीला झाली, तरी आजोबांची अंतर्देशीय पत्रं कितीतरी महिने आरमोरीलाच जात राहिली. तिथले पोस्टमास्तर लाल शाईने पत्ता खोडायचे, बाजूला 'आलापल्ली' लिहायचे आणि पत्र पुढे धाडायचे. आजोबांना याचा पत्ताच नाही. मुलाचं उत्तर आलं, म्हणजे पत्र पोचलं!

वेब सर्व्हरही अगदी हेच करतो, बरं का. एक रीडायरेक्ट असतो 'पत्ता बदलला आहे, तिकडे जा' असं ब्राउझरला सांगणारा. मग ब्राउझर बिचारा नव्या पत्त्यावर नवी विनंती घेऊन जातो. दुसरा असतो अंतर्गत. सर्व्हर आतल्या आतच विनंती दुसऱ्या प्रोग्रामकडे सरकवतो. ब्राउझरच्या पट्टीत जुनाच पत्ता दिसत राहतो, आणि विनंतीबरोबर एखादी चिठ्ठीही आतून देता येते.

मी ही चिठ्ठी वापरली ती 2009 साली. शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज करून द्यायचा होता. दोन जिल्ह्यांचे दोन पत्ते, पण आतला पीएचपीचा प्रोग्राम एकच. पत्ता बघून अपाची सर्व्हरने 'जिल्हा' नावाच्या व्हेरिएबलमध्ये चंद्रपूर की गडचिरोली ते भरायचं आणि विनंती प्रोग्रामकडे द्यायची. बाहेरून कुणी ते बदलू शकणार नाही, कारण ब्राउझरकडून आलेली हेडर्स 'एचटीटीपी' असं नाव लावूनच आत येतात. मी भलताच खूश होतो! आणि जिल्हा रिकामा आला तर? तर 'चंद्रपूर' धरायचं, असं लिहून टाकलं. मी स्वतः चंद्रपूरचा ना.

घरच्या मशीनवर सगळं झकास चाललं. संस्थेच्या होस्टिंगवर चढवलं, एक-दोन अर्ज भरून पाहिले, आणि झोपलो. पाहिले ते चंद्रपूरचेच, हे सांगायला नको.

गोम अशी होती. घरी मी नियम सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये लिहिले होते. तिथे पत्ता फाईलला जोडण्याच्या आधीच बदलतो, पुन्हा फेरी होत नाही. होस्टिंगवर मुख्य कॉन्फिगला हात लावता येईना, म्हणून तेच नियम फोल्डरमधल्या एचटीॲक्सेस फाईलमध्ये टाकले. तिथवर पोचेस्तोवर अपाचीने पत्ता फाईलला जोडलेला असतो. मग तो बदलायचा तर अंतर्गत रीडायरेक्ट करून विनंती पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते. आणि अशा प्रत्येक फेरीत अपाची जुन्या व्हेरिएबलच्या नावापुढे 'रीडायरेक्ट' आणि एक अंडरस्कोअर जोडतो. दोन फेऱ्या झाल्या तर दोनदा! म्हणजे चिठ्ठी हरवली नव्हती, तिच्यावर लाल शाईने खूण झाली होती. माझा प्रोग्राम मात्र 'जिल्हा' एवढंच नाव शोधत बसला, आणि न सापडल्यावर गडचिरोलीच्या एकूणएक पोरांना चंद्रपूरची करून मोकळा झाला. एरर नाही, काही नाही. लॉग स्वच्छ.

कागदपत्रं तपासायला बोलावणं गेलं तेही त्याच यादीवरून.

सकाळी साडेआठला फोन आला. मुलगा भामरागडकडचा. "सर, माह्या अर्जावर चंद्रपूर काहून दाखवते?"

मी लॅपटॉप उघडला. कारण सापडायला दुपार झाली, दुरुस्तीला दोन मिनिटं. आधी 'जिल्हा' बघ, नसेल तर 'रीडायरेक्ट' लावलेला बघ, आणि तोही नसेल तर अर्ज घेऊच नको, थांब. ते 'चंद्रपूर धर' मी उडवलं. यादी हाताने दुरुस्त केली, संस्थेला कळवलं आणि त्या मुलाला फोन लावला. चूक माझी आहे, तुला गडचिरोलीलाच जायचं आहे, उद्या गेलास तरी चालेल, मी बोललोय, असं सगळं एका दमात सांगितलं.

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"सर, मी तं चंद्रपुरातच हाओ. कालच आलो, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत. रात्री स्टँडवरच झोपलो."